चिंचवड पुण्यात नाही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात ज्येष्ठ सभासद व निवृत्त बँक अधिकारी यांनी केलेले भाषण)



चेअरमन साहेबांनी मला सांगितलं की, काका, वीस मिनिटं बोला, पण सोसायटीचा इतिहास नको, तो अहवालात आलाय. बरोबर आहे. एन.ए.साठी किती हेलपाटे झाले, पहिलं बोअर कसं कोरडं गेलं, हे आपल्याला तोंडपाठ आहे. म्हणून मी आज दुसऱ्याच गावाबद्दल बोलणार आहे. ते गाव इथून लांब आहे, पण आपल्या घराघरात त्याचा संबंध आहे. कसा, ते सांगतो.

मागच्या महिन्यात स्मरणिकेच्या वर्गणीच्या पावत्या घेऊन मी घरोघर फिरलो. चहा घ्यावाच लागतो, आणि चहाबरोबर चौकशी होतेच. "धाकटा कुठं असतो?" "पुण्याला." पुढच्या घरी, "सूनबाई कुठं आहेत?" "पुण्याला." निम्म्याहून जास्त घरांत हेच उत्तर. मग मी जरा खोलात गेलो. पुण्यात कुठं? कुणी म्हणालं रावेत, कुणी थेरगाव, कुणी वाल्हेकरवाडी, आणि बरेच जण म्हणाले चिंचवड. मंडळी, यातलं एकही ठिकाण पुणे महानगरपालिकेत नाही. लेकरं दिवाळीला गाड्या घेऊन येतात ना, तेव्हा नंबरप्लेट बघा. पुण्याचा नंबर एमएच-१२. आपल्या अंगणात लागतात त्या बहुतेक एमएच-१४. ती पिंपरी-चिंचवडची. पोरगा म्हणतो पुणे आणि त्याची गाडी म्हणते पिंपरी-चिंचवड. गाडी खरं बोलते.

मी १९८४ साली बदलीवर चिंचवडला गेलो आणि चार वर्षं राहिलो. चिंचवडगावात गांधी पेठेच्या जवळ एका वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घरमालक आजोबा सकाळी टोपी घालून निघायचे आणि बायकोला सांगायचे, "पुण्याला जाऊन येतो." मला नवल वाटायचं. मी तर पालममध्ये सगळ्यांना सांगून आलो होतो की माझी पुण्याला बदली झाली! पुणं तिथून पंधरा-सोळा किलोमीटर. आजोबांच्या लेखी ते परगाव होतं आणि चिंचवड हे चिंचवड होतं.

तसं म्हणायला त्यांना कारण होतं. तुम्ही-आम्ही गणपती बसवताना आणि विसर्जनाला "मोरया" म्हणतो. पालमच्या गल्लीतलं लेकरूसुद्धा म्हणतं. हा मोरया कोण? तर मोरया गोसावी. मोरगावच्या गणपतीचा हा थोर भक्त चिंचवडला येऊन राहिला आणि तिथंच पवना नदीच्या काठी त्यांनी संजीवन समाधी घेतली. गणपतीच्या जयघोषातलं नाव त्यांचंच, असं मानलं जातं. त्यांच्या मुलाला, चिंतामणी महाराजांना, तुकोबांनी "देव" म्हटलं अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून त्या घराण्याचं आडनावच देव झालं. पेशवे स्वतः गणपतीचे भक्त, त्यामुळे चिंचवडच्या देव संस्थानाला मोठा मान होता, इनामं होती. वर्षातून दोनदा, भाद्रपदात आणि माघात, मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते. ती आजही जाते.

१८०९ साली मारिया ग्रॅहम नावाची एक इंग्रज बाई हे देव पाहायला चिंचवडला गेली होती. तिचं प्रवासाचं पुस्तक १८१२ साली छापून आलं. तिने थट्टेच्या सुरातच लिहिलं आहे, साहेबाच्या देशातली ती, तिला आपली भक्ती काय कळणार. पण मुद्दा वेगळा आहे. परदेशातून आलेल्या माणसाने मुद्दाम वाट वाकडी करून बघावं, असं ते गाव होतं.

आता मी बँकेचा माणूस, म्हणून मला जास्त भावलेली गोष्ट सांगतो. पेशवाईत चिंचवडला टांकसाळ होती. तिथं रुपये पडत होते. आज गावाचं मोठेपण कशावर मोजतात? मॉल आहे का, विमानतळ आहे का. त्या काळी टांकसाळ असणं म्हणजे काय, हे इथं बसलेल्या सत्तरीच्या पुढच्यांना समजेल, कारण आपणही अशाच मुलखातले. निजामाचं स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सहा कलदारला सात हाली, असा साधारण भाव. माझे वडील पोलीस ॲक्शननंतरही कितीतरी वर्षं जमिनीचा व्यवहार सांगताना "हाली का कलदार?" असं विचारायचे. ज्याचं नाणं त्याचं राज्य. आणि नाणं गेलं की पहिल्यांदा काही वाटत नाही, बाजार तसाच भरतो. हळूहळू मग हिशेब दुसरीकडे लिहिला जायला लागतो.

चिंचवडचं तसंच झालं. पेशवाई गेली. १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रेल्वे सुरू झाली आणि चिंचवडला स्टेशन मिळालं. स्टेशन गावापासून जरा बाजूला. आजही तिथले लोक "चिंचवड स्टेशन" आणि "चिंचवडगाव" असे दोन शब्द वेगळे वापरतात. महानगरपालिका होऊन चाळीस वर्षं उलटली तरी बसच्या पाटीवर "गाव" शब्द टिकून आहे, हे मला फार आवडतं.

आणि चिंचवड म्हटलं की चापेकर. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ चिंचवडचे. वडील हरी विनायक चापेकर कीर्तनकार. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडच्या सोजिरांनी घराघरात घुसून लोकांचा जो छळ मांडला, त्याचा राग मनात धरून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांना गोळ्या घातल्या. त्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या साठ वर्षांचा सोहळा होता. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात वासुदेव आणि बाळकृष्ण, आणि मधल्या दिवशी त्यांचे साथीदार महादेव रानडे. पाच दिवसांत तीन फाशा. एका आईचे तीन मुलगे गेले. मी राहत होतो तिथून चापेकरांचा वाडा चालत जाण्याइतका जवळ होता. आज चौकात त्यांचे पुतळे आहेत. आपली पोरं त्याला "चापेकर चौक" म्हणतात आणि तिथं उतरून रिक्षा धरतात. माझ्या पुतण्याला मी विचारलं, चापेकर कोण रे? तो म्हणाला, "काका, तिथं फार ट्रॅफिक असतं."

हसू नका. त्याची चूक नाही. त्याला कुणी सांगितलं नाही.

स्वातंत्र्यानंतर मोठा बदल झाला तो कारखान्यांमुळे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना आला, पेनिसिलिन बनवणारा. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि मग त्या बाजूला औद्योगिक वसाहत फोफावली. बजाज आलं, टेल्को आली, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने आले. ज्वारी-बाजरीच्या वावरात शेड उभे राहिले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं एकत्र करून नगरपालिका झाली. तिथं चिंचवडची ग्रामपंचायत संपली. ११ ऑक्टोबर १९८२ ला महानगरपालिका झाली. नाव ठेवलं पिंपरी-चिंचवड. पिंपरी पहिली! महापालिकेची इमारतही पिंपरीत, मुंबई-पुणे रस्त्यावर. आमच्या घरमालक आजोबांना हे शेवटपर्यंत पटलं नव्हतं. म्हणायचे, "आमच्याकडे टांकसाळ होती तेव्हा पिंपरीत काय होतं?" पिंपरीचे लोक त्यावर काय म्हणत असतील ते मी ऐकलेलं नाही, पण अंदाज करता येतो.

मी गेलो तेव्हा महापालिका दोन वर्षांची होती. जकातीचा पैसा इतका यायचा की आशियातली सगळ्यात श्रीमंत महापालिका म्हणून लोक कौतुक करायचे. रस्ते रुंद, दिवे भरपूर. परभणी जिल्ह्यातून गेलेल्या माणसाचे डोळे दिपायचे. पण काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्याला दुसरी बाजूही दिसत होती. जमिनी गेलेले शेतकरी आमच्या शाखेत मोबदल्याचे धनादेश घेऊन यायचे. काही जमीन एमआयडीसीने घेतली होती, काही नवनगर प्राधिकरणाने. प्राधिकरणाने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के जमीन परत द्यावी, हा प्रश्न तर पुढे वर्षानुवर्षं गाजला. कुणी पैसे मुदतठेवीत टाकले. कुणी ट्रक घेतला. कुणी उरलेल्या दोन गुंठ्यांत दहा बाय दहाच्या खोल्या बांधल्या आणि कामगारांना भाड्याने दिल्या. खोल्या बांधणारे सगळ्यात शहाणे ठरले, ट्रकवाल्यांचं काही सांगू नका.

एक म्हातारे गृहस्थ खातं उघडायला आले होते. फॉर्ममध्ये व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी नातवाकडून "शेती" लिहून घेतलं होतं. मी म्हटलं, बाबा, जमीन किती? म्हणाले, "आता नाही." मग शेती कसं लिहू? ते म्हणाले, "मग दुसरं काय लिहिता? मला दुसरं काही येत नाही." मी तो रकाना तसाच ठेवला.

आणि त्या दहा बाय दहाच्या खोल्यांत राहायला कोण आलं? आपण. १९७२ चा दुष्काळ इथं बसलेल्या किती जणांनी पाहिलाय? सुकडी आणि खडी फोडणं आठवतं ना? त्या वर्षापासून मराठवाड्यातून जी रीघ लागली ती अजून थांबलेली नाही. माझ्याकडे पगाराची खाती उघडायला गंगाखेड, लोहा, अहमदपूर, जिंतूर इकडची पोरं यायची. बोलण्यावरून ओळखू यायची. "साहेब, आपण कोणत्या गावचे?" मी पालम म्हटलं की एखाद्याचा चेहरा असा फुलायचा की काय सांगू. काम झालं तरी तो काउंटरवरून हलायचा नाही.

इथं मला जरा परखड बोलायचं आहे. आपल्या माणसाला तिकडे "बाहेरचा" म्हणून हिणवलं गेलं, हे खरं आहे. मी स्वतः ऐकलं आहे. पण ज्याचं वावर गेलं, ज्याच्या गावाचं नाव पाटीवर दुसऱ्या नंबरला गेलं, त्याने पाणी भरायच्या रांगेत दहा जिल्ह्यांची माणसं बघितल्यावर त्याला काय वाटत असेल? आणि आपण तरी काय केलं? दहा-दहा वर्षं राहून मोरया गोसाव्यांच्या देवळात पाय न ठेवलेली माणसं मला माहीत आहेत. "आमचं गाव पालम" हे म्हणणं चांगलंच आहे. पण ज्या गावाने भाकरी दिली त्याचं नावसुद्धा नीट न घेता "पुणं, पुणं" करायचं, हे मला बरं वाटत नाही. रावेतच्या फ्लॅटमधून पुण्याचा अभिमान बाळगणारे आपलेच भाचे-पुतणे आहेत.

चिंचवडवाल्यांना असं दोनदा गिळलं गेलं. कागदावर पिंपरीच्या जोडीने, आणि लोकांच्या तोंडी पुण्याने. पत्त्याच्या खाली पिन कोड लिहितात तो ४११०३३, म्हणजे तोही पुण्याच्याच मालिकेतला. तरी २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांच्या वर होती. २०१८ मध्ये वेगळं पोलीस आयुक्तालय झालं. २०१६ ला अखिल भारतीय साहित्य संमेलन तिथं झालं. इतकं सगळं स्वतःचं, पण ट्रॅव्हल्सच्या तिकिटावर पुणे.

पण हे आपल्यालाही लागू आहे हं. बाहेरगावी तुम्हाला कुणी विचारलं, गाव कोणतं, तर काय सांगता? परभणी! महाराष्ट्राबाहेर गेलात तर नांदेड सांगता, कारण हजूर साहिबमुळे ते माहीत असतं. पालम कोण सांगतं? मी एकदा प्रशिक्षणाला लखनौला गेलो होतो. नेटिव्ह प्लेस पालम म्हटल्यावर शेजारचा दिल्लीवाला म्हणाला, "अरे वा, एअरपोर्टवाले!" दिल्लीचं पालम हेही एक जुनं खेडं. तिथल्या बावडीचा १२७६ सालचा संस्कृत शिलालेख सापडलेला आहे. म्हणजे ते गाव साडेसातशे वर्षांचं तरी आहेच. विमानतळ झाला आणि गावाचं नाव विमानतळाला गेलं. १९८६ ला विमानतळाचंही नाव बदललं. आता पालम म्हणजे दिल्लीचा एक भाग. आपलं नावभाऊ गाव, त्याची ही कथा.

इतक्या लांब कशाला, नांदेडला जातो तेव्हा बघा. आपण लोह्यामार्गे जातो. विष्णुपुरी मागे टाकली, लातूर फाटा आला, सिडको-हडको आलं. गोदावरी ओलांडायच्या आधीचा हा जो भाग, त्यात वाघाळा आहे. वाघाळ्याची स्वतःची नगरपालिका होती. २६ मार्च १९९७ ला नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका झाली. कराच्या पावतीवर आजही वाघाळा छापलेलं असतं. तुमच्यापैकी किती जणांनी दवाखान्याला जाताना म्हटलंय की मी वाघाळ्यावरून जातो? मी विचारून बघितलं. एका शिक्षक मित्राला वाटत होतं की वाघाळा हे कुणाचं तरी आडनाव असेल.

आणि मराठवाडा? तो १९५६ ला निजामाच्या जुन्या राज्यातून मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. बिनशर्त आलो, हे आपण भाषणात छाती फुगवून सांगतो आणि अनुशेषाचा विषय निघाला की तेच कपाळाला हात लावून सांगतो. दोन्ही खरं आहे. यावर बोलायला लागलो तर जेवणं थंड होतील.

मग चिंचवडचं काय उरलं? मी दोन वर्षांपूर्वी मुलाकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम बघायला गेलो. आमचा तो वाडा पडला, तिथं सहा मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. घरमालक आजोबा कधीच गेले. पवनेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा. पण पावसाळा होता आणि नदी फुगलेली. मोरया गोसाव्यांचं समाधी मंदिर काठालाच असल्याने पूर आला की तिथं पाणी शिरतं, दरवर्षीचंच आहे. घाटाच्या वर लोक उभे होते. त्यात गावातल्या जुन्या घरांतली माणसं होती आणि टी-शर्ट घातलेली आयटीतली पोरंही होती. एक बाई हात जोडून म्हणाली, "देवाला नदीनं आंघोळ घातली." बोलणं ऐकून मी विचारलं, बाई, तुम्ही कुठल्या? म्हणाली, "चिंचवडच्या." मी म्हटलं, मूळच्या? तेव्हा म्हणाली, "माहेर सोनपेठ." वीस वर्षं झाली होती तिला तिथं. दर चतुर्थीला देवळात येते म्हणाली.

मला त्या बाईचं कौतुक वाटलं. तिने सोनपेठ सोडलं नव्हतं आणि चिंचवडही घेतलं होतं.

आता आपल्याबद्दल दोन शब्द, आणि थांबतो, कारण सेक्रेटरी साहेबांनी चिठ्ठी पाठवली आहे. पालममध्ये आता नगरपंचायत आहे. गावाच्या चारी बाजूंनी प्लॉटिंग चाललं आहे. आपली सोसायटीही पंचवीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी वावरावरच उभी राहिली. आपण इथं बाहेरचेच होतो. कुणी मास्तर, कुणी तलाठी, कुणी माझ्यासारखा बँकेतला, जो तो वेगवेगळ्या खेड्यांतून आलेला. गेल्या सहा महिन्यांत मी या जमिनीचा जुना सातबारा आणि त्याच्या आधीचं १९५४ चं खासरा पत्रक काढलं. मूळ मालकांच्या घरातल्या आजी अजून आहेत, पंच्याऐंशीच्या पुढच्या. त्यांच्याकडे दोन दुपार बसलो. या वावराच्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं. आपलं ऑफिस आहे तिथं खळं होतं. सी लाइनच्या शेवटी बाभळीखाली बैल बांधत. लेकरांची घसरगुंडी आहे तिथून पांदण जायची. आजींनी सांगितलं तसं मी सोसायटीच्या नकाशावर पेन्सिलने लिहिलं आहे आणि ती फाइल आज सेक्रेटरी साहेबांच्या हवाली करतो. ऑफिसात येऊन बघा, लेकरांनाही दाखवा.

फक्त पूर्वेकडचा, जुन्या विहिरीच्या पलीकडचा कोपरा राहिला आहे. तिथं काय म्हणत असत ते आजींना आठवेना. गावातल्या कुणाला माहीत असेल तर विचारून येत्या रविवारपर्यंत मला सांगा. मी संध्याकाळी पाचनंतर घरीच असतो.